एक्केचाळीस अंशांचा बोअर

जमिनीला ताप आहे का, हे बघण्यासाठी सरकार मला पगार देत होतं. लोकांना ही थट्टा वाटते, पण माझ्या नेमणुकीच्या कागदावर ‘निरीक्षक, भूऔष्णिक सर्वेक्षण’ असं स्वच्छ टाइप केलेलं होतं. तो कागद वाचून वडिलांनी मला तीनदा विचारलं, “पण करायचं काय रे नेमकं?” मी सांगितलं, “बोअरमध्ये थर्मामीटर सोडायचा आणि वर ओढायचा.” पोराला बी.एस्सी. केलं ते यासाठी, हे भावकीत कसं सांगायचं, असा पेच त्यांना पडला असावा. शेवटी “पोरगं पाण्याच्या खात्यात हाये” एवढंच सांगून ते मोकळे झाले.

काळ सत्तरच्या दशकाच्या मधला. तेलाच्या किमती भडकल्या होत्या आणि सगळं जग तेलाला पर्याय शोधत होतं. काही देशांत जमिनीखालच्या वाफेवर वीज होते, थंडीत घरं उबदार राहतात, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. आपल्याकडे तसं काही सापडतं का, हे बघायला एक योजना निघाली. खोदायचं यंत्र एका देशाने दिलं, मोजायची उपकरणं दुसऱ्याने, तज्ज्ञ तिसऱ्याने पाठवला, आणि ऊन खायला माणसं आपली. खरा मोठा पैसा पुढेच होता. जिथे जमीन सगळ्यात गरम निघेल तिथे खूप खोल भोक पाडायला परदेशातली एक समिती मदत देणार होती. त्या यादीत हिमालय होता, कोकणातले उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे, होते. आमचा मराठवाडा सगळ्यात खाली होता, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.

तेव्हा जालना जिल्हा नव्हता. जालना औरंगाबादेत, परतूर परभणीत. मी जालन्यात मस्तगडला एक खोली घेऊन राहायचो आणि दोन्हीकडे फिरायचो. जीप शेख चाचा चालवायचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण मला कायम ‘साब’ म्हणणारे, आणि त्याच तोंडाने मी कुठे चुकतो तेही सांगणारे.

गावोगाव आमचा भलताच गवगवा व्हायचा. हसनाबादच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या बोअरमध्ये मी तार सोडत होतो. तो अर्धा तास शांत बसून बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, “हंडे लागले तर निम्मे आपले हां साहेब, रान माझं हाये.” मी म्हटलं, मामा, आम्ही खजिना नाही, उष्णता मोजतोय. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढं खोटं बोलणारा माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. दुसऱ्या एका गावी म्हातारीने विचारलं, “किती ताप हाये?” मी म्हटलं, एकोणतीस. “मंग काही न्हाई, काढा द्या,” म्हणाली. आम्ही परतलो तेव्हा चाचा जीपमध्ये डोळे पुसून पुसून हसत होते.

आता काम कसं चालायचं ते सांगतो, कारण माझी चूक कळायला ते कळणं जरूर आहे. आमचा थर्मामीटर दवाखान्यातल्यासारखाच असायचा, चढलेला पारा झटकल्याशिवाय खाली न येणारा. तो जाड नळीत घालून तारेने तीनशे फूट खाली सोडायचा, अर्धा तास थांबायचं, वर ओढायचा आणि लगेच वाचायचा. थंड देशात एवढं पुरतं. तिथे वरची हवा गार आणि खालचं पाणी गरम. आपल्याकडे उलटं. एप्रिलात वरची हवा बेचाळीसला आणि खालचं पाणी तिशीला. पारा वरच्या हवेनेच चढून बसतो, आणि खाली कितीही गार असलं तरी तो उतरत नाही. म्हणून सोडण्याआधी थर्मामीटर बर्फात ठेवायचा. जालन्याच्या बर्फ कारखान्यातून आम्ही सकाळी लादी घ्यायचो, लाकडाच्या भुशात घालून पोत्यात बांधायचो. बर्फ नाही तर मोजणी नाही. हा नियम मला पाठ होता आणि नव्या माणसांना मीच तो शिकवायचो.

दुसरा नियम असा की बोअर पाडल्यावर तो दोन महिने झाकून ठेवायचा. खोदताना खालचं-वरचं पाणी ढवळतं. ते निवांत झालं तरच खरं तापमान कळतं. एक घागर उपसली तरी हिशेब बिघडतो. म्हणून वर लोखंडी टोपण, त्याला कुलूप, आणि चावी माझ्याजवळ.

वाटूरच्या फाट्यापासून आत एका गावी आम्ही फेब्रुवारीत बोअर पाडला. गावाचं नाव सांगत नाही. जागा बौद्धवस्तीच्या तोंडाशीच होती. ती मी निवडली होती, कारण मोजणी झाल्यावर बोअरवर हातपंप बसवून तो वस्तीला द्यायचा असं ठरलं होतं. मीही बौद्ध. माझ्या आईने तरुणपणी जे केलं तेच या वस्तीतल्या बाया अजून करत होत्या. गावच्या आडाच्या ओट्याखाली घागर घेऊन उभं राहायचं, आणि ओट्यावरच्या कुणाला सवड झाली की तिने वरून पाणी ओतायचं. कायद्याने हे केव्हाच बंद झालं होतं. आडाला कायदा माहीत नव्हता.

यंत्राने दोनशे फुटांवर पाणी फेकलं तेव्हा सगळी वस्ती तिथे उभी होती. चिखलाचा फवारा अंगावर घेऊन सगळ्यांत पुढे गयाबाई. पन्नाशीची, काटक, आवाज असा की यंत्र चालू असतानाही तिचं ऐकू यावं. तिने ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि म्हणाली, “गोड हाये!” मग माझ्याकडे वळून, “मगरेदादा, जय भीम! कधी मिळंल आमाला?”

“दोन महिने थांबा मावशी. एप्रिलात मोजतो आणि लगेच पंप बसवतो. जालन्याचा पंप, मोडत नाही.”

“दोन महिने काय, चुटकीसरशी जातील.”

ती तडक आडावर गेली आणि ओट्यावरच्या पाटलीणबाईला म्हणाली, “बाई, आता दोन महिने तेवढं वाढा पानी. मंग आमी इकडं येनार न्हाई. आमचं पानी आमच्या दारात आलंय.” हे मला चाचांनी सांगितलं. ते आडाजवळच्या टपरीवर चहा पीत होते, त्यांनी कानाने ऐकलं. मला इतका आनंद झाला की मी ते घरी आईलाही लिहून कळवलं.

एप्रिलात आम्ही मोजायला गेलो. दुपारचे बारा. मी नुकताच टोपणाचं कुलूप काढून बसलो होतो, तेवढ्यात रस्त्याच्या कामावरून चार बाया गयाबाईच्या सुनेला उचलून घेऊन आल्या. पोटुशी पोर, खडी फोडताना ऊन लागून पडलेली. अंग तव्यासारखं, डोळे पांढरे. मी काही विचार केला नाही. पोतं ओढलं, बर्फ फोडला आणि होता तेवढा सगळा त्यांना दिला. डोक्यावर, बगलेत, तळपायाला. तासाभराने पोर बोलायला लागली. गयाबाईने माझे दोन्ही हात धरले. त्या दिवसाचा मला अजूनही पस्तावा नाही. पस्तावा पुढचा आहे.

पोतं रिकामं झालं होतं. चाचा म्हणाले, “साब, आज रहने दो. कल बर्फ लेके आते.” तसंच करायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवायचा होता, आणि वितळलेल्या बर्फाचं थोडं गार पाणी एका डब्यात होतं. थर्मामीटर त्यात बुडवला, झटकला, आणि नळी जोडेपर्यंत तार गुंतली. ती सोडवण्यात दहा मिनिटं गेली. तेवढा वेळ थर्मामीटर मांडीवर पडून होता. गडबडीत मी तो पुन्हा गार न करताच सोडला. वर आला तेव्हा पारा एक्केचाळीसवर.

मी ओरडलोच. आजवर सगळ्या बोअरांत एकोणतीस, तीस, फार तर एकतीस. आणि इथे एक्केचाळीस! माझ्या बोअरात! त्या क्षणी मला बर्फ आठवला नाही. आठवलं ते एवढंच, की मराठवाडा आता यादीत वर जाणार आणि वर नेणारा मी. ऑफिसात पोचलो आणि आमच्या साठे साहेबांना आकडा सांगितला. त्यांनी लगेच वरच्या ऑफिसला ट्रंककॉल लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवही पक्की करताना माझी नजर शेजारच्या रकान्यात गेली. तिथे नियमाप्रमाणे मीच हवेचं तापमान लिहिलं होतं. एक्केचाळीस.

मी उठून साठे साहेबांच्या दाराशी गेलो. आत चहा चालला होता. दुसऱ्या विभागातल्या कुणाची तरी चूक निघाली होती आणि एकजण हसत म्हणत होता, “राखीव जागा भरायच्या म्हणजे हे आलंच.” साठे साहेब हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. मी दारातून मागे फिरलो. वाटलं, आधी खात्री करावी, मग सांगावं.

पण खात्री करायला परवानगी हवी होती, आणि त्याआधीच आदेश आला. परदेशी तज्ज्ञ विजेवर चालणारं नवं उपकरण घेऊन जानेवारीत येतील, तोपर्यंत या बोअरला हात लावायचा नाही, पंप बसवायचा नाही, थेंबभर पाणी उपसायचं नाही. माझ्या एका आकड्याने वस्तीचं पाणी बंद झालं.

हे सांगायला मी गेलो तेव्हा गयाबाई दारात भाकरीचं पीठ मळत होती. मी म्हटलं, “मावशी, जमीन इथे गरम लागली आहे. मोठी गोष्ट आहे. वीज होऊ शकते. पण जानेवारीपर्यंत टोपण राहील.”

“ईज आमाला मिळंल?”

“मिळेल बहुतेक.”

“आन् पानी?”

“जानेवारीनंतर.”

तिने परातीत हात तसाच ठेवला. “दादा, मी बाईला सांगून आल्ते, आता येनार न्हाई म्हणून.”

मी म्हटलं, थोडं सोसा. थोडं सोसा हे शब्द मी माझ्या आईला ऐकवले जाताना लहानपणी ऐकले होते, आणि ते उच्चारणाऱ्यांचा मला राग यायचा.

मे महिन्यात मी वाट वाकडी करून तिथे गेलो. भरपूर बर्फ घेतला होता. टोपण काढलं, थर्मामीटर नीट गार केला, सोडला. तीस. पुन्हा सोडला. तीस. चाचा जीपला टेकून उभे होते. त्यांनी आकडा विचारला नाही, माझं तोंड बघितलं. “साब,” म्हणाले, “बोल डालो. आज थोडा जलील होंगे, बस.” मी टोपण लावलं, कुलूप लावलं, आणि ती मोजणी नोंदवहीत लिहिली नाही. तोपर्यंत माझी नोकरी कायम व्हायचे कागद साठे साहेबांच्या टेबलावर होते आणि एक्केचाळीसचा आकडा परदेशात पोचला होता. एप्रिलातली ती चूक होती. मेमधलं हे खोटं होतं. दोन्हींतला फरक मला तेव्हाही कळत होता.

निघताना आडाजवळून जीप गेली. ओट्याखाली गयाबाई घागर घेऊन उभी होती. ओट्यावर दोघी-तिघी आपसात बोलत होत्या. कुणालाही घाई नव्हती. एक जण तिला हसत काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही आणि चाचांनी ऐकलं असेल तर मला सांगितलं नाही. गयाबाईचा तो यंत्रावर मात करणारा आवाज आला नाही. ती मान खाली घालून उभी राहिली. मी जीप थांबवायला सांगितली नाही.

पावसाळा झाला, सुनेला मुलगी झाली, दिवाळी गेली. त्या रस्त्याने जाणं मी टाळत होतो. गेलोच तर वस्तीतल्या बाया विचारायच्या, “दादा, जानेवारीच ना?” मी म्हणायचो, जानेवारीच. गयाबाई विचारायची नाही.

जानेवारीत परदेशी तज्ज्ञ आले. गुन्नार त्यांचं नाव, बर्फाळ देशातला उंच, लालसर माणूस. आपल्या थंडीत ते सदऱ्याच्या बाह्या वर करून फिरत होते आणि चाचा अंगावर घोंगडी घेऊन त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी उपकरण सोडलं, काटा बघितला, पुन्हा सोडला. मग माझी नोंदवही मागितली. एप्रिलच्या पानावर त्यांचं बोट दोन रकान्यांवर फिरलं. एक्केचाळीस, एक्केचाळीस. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इंग्रजीत अगदी हळू विचारलं, “त्या दिवशी बर्फ होता?”

“होता. पण एका आजारी बाईला द्यावा लागला.”

“मग मोजायला नको होतं.”

“हो.”

“आणि नंतर सांगायला हवं होतं.”

“हो.”

ते रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की त्यांच्या देशातही हवा असलेला आकडा मिळाला की माणसं फार प्रश्न विचारत नाहीत. समितीला त्यांनी ‘उपकरणातील दोष’ असं कळवलं. साठे साहेबांनी थर्मामीटर बदलायचा हुकूम काढला. मला कुणी काही बोललं नाही. मी आधीच कायम झालो होतो. परदेशी मदत जिथे जायची तिथेच, डोंगरातल्या खऱ्या गरम झऱ्यांकडे, गेली आणि ते योग्यच झालं. आमची यादीतली शेवटची ओळ खोडली गेली. शिक्षा झाली असती तर एखाद्या वर्षात मी ती विसरलो असतो.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः पंप घेऊन गेलो. बसवणारे दोन मिस्त्री होते, पण पाइप उतरवायला मीही हात लावला. संध्याकाळपर्यंत पाणी आलं. वस्तीतली लहानमोठी सगळी माणसं दांड्याला लोंबकळली. कुणीतरी पंपाला कुंकू लावायला निघालं, तर दुसऱ्याने “आपण आता बौद्ध” म्हणत अडवलं, मग दोघं हसले. गर्दी कमी झाल्यावर गयाबाई आली. नातीला कडेवर घेतलेली, दुसऱ्या हातात घागर. मी दांडा हाणायला लागलो आणि न राहवून तिला सगळं सांगितलं. बर्फ, तार, दोन रकाने, मेमधली मोजणी, ऑफिसातला चहा. काही लपवलं नाही.

घागर भरून वाहायला लागली तरी मी दांडा मारतच होतो. तिने माझा हात धरून थांबवला.

“म्हंजी तुमाला मेमधी म्हाईत व्हतं.”

“हो, मावशी.”

“साहेबाला भ्यालात, ते बराबर हाये. भ्यावंच लागतं. नोकरी गेली अस्ती.” तिने घागर कडेला घेतली. “पर मला सांगायचं व्हतं ना दादा. मी काय साहेबाला जाऊन बोलनार व्हते? टोपण बी काढा म्हनले नस्ते. पानी आपलंच हाये, नुसतं एवढं ठावं अस्तं, तर त्या आडाखाली मी मान वर करून उभी राह्यले अस्ते.”

ती गेली. माझ्या नोकरीची पुढची अनेक वर्षं बाकी होती आणि त्यांत मी पुष्कळ साहेबांच्या पुष्कळ प्रश्नांना उत्तरं दिली. त्या वस्तीत मी स्वतःला त्यांचा माणूस समजत होतो. तिने मला तसं मानलंही होतं, तिच्या सुनेचा जीव माझ्या हातात दिला होता. विश्वास ठेवायची पाळी माझी आली तेव्हा मी मात्र तिला परकी ठरवलं. नंतर कितीदा तरी त्या गावावरून गेलो. पंप चालू असायचा. पण मी तिथे उतरून पाणी प्यायलो नाही.